शाळेत लॅटिन की आधुनिक परकीय भाषा? आधी तासिका मोजा

प्रश्न असा आहे. शाळेच्या वेळापत्रकात मातृभाषा आणि शिक्षणाची भाषा सोडून आणखी एका भाषेसाठी आठवड्याला तीन-चार तासिका निघतात. त्या लॅटिनला द्याव्यात, की फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी अशा आज बोलल्या जाणाऱ्या भाषेला? लॅटिनच्या बाजूचे लोक सांगतात की तिने बुद्धीला शिस्त लागते, इंग्रजी सुधारते आणि पुढे कुठलीही युरोपीय भाषा सोपी जाते. समोरच्यांचा सवाल एकच असतो: जी भाषा कुणी बोलत नाही ती शिकून करायचे काय?

सगळ्यांना मिळून एकच भाषा सक्तीची करायची असेल, तर ती आधुनिक असावी. लॅटिन ऐच्छिक ठेवावी, बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू करावी, आणि सलग तीन वर्षे आठवड्याला चार तासिका मिळतील याची खात्री असेल तरच सुरू करावी. लॅटिन शिकवण्याचे भक्कम कारण एकच आहे, ते म्हणजे लॅटिन वाचता येणे. बाकीची कारणे ऐकायला छान वाटतात, पण तपासली की एकेक करून गळून पडतात.

आधी हिशेब मांडू, कारण बहुतेक शाळा तो मांडतच नाहीत. चाळीस मिनिटांच्या तीन तासिका आणि ३५ आठवडे, म्हणजे वर्षाला ७० तास. परीक्षा, समारंभ, शिक्षकांची रजा वजा केली की हातात ६० उरतात. चार वर्षांचे झाले २४०. आता हे २४० तास कुठवर नेतात ते पाहा. युरोपीय परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषाचौकटीत ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली ए२ ला साधारण १८० ते २००, बी१ ला ३५० ते ४००, तर बी२ ला ५०० ते ६०० तास धरतात. हे आकडे छोट्या गटात, मनापासून शिकणाऱ्यांचे आहेत. चाळीस मुलांच्या वर्गात वेग याहून कमीच असतो. म्हणजे चार वर्षांनंतर विद्यार्थी ए२ वर असेल: ओळख करून देईल, रस्ता विचारेल, साधे पत्र वाचेल, कालचा दिवस चार-सहा वाक्यांत सांगेल. वर्तमानपत्र वाचणार नाही. 'चार वर्षांत मूल फ्रेंच बोलेल' असे पालकांना सांगणे ही फसवणूक आहे, आणि पुढे याच आश्वासनामुळे विषय बदनाम होतो.

भाषा निवडताना तिचे अंतरही मोजावे लागते. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेची प्रशिक्षण संस्था इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना कामापुरती भाषा शिकवते. फ्रेंच किंवा स्पॅनिशला ती सुमारे ६०० ते ७५० वर्गतास धरते, तर जपानी, चिनी, कोरियन, अरबी यांना २,२००. तिप्पट अंतर आहे. २४० तासांत जपानी घेतली तर दोन अक्षरमाला पक्क्या होतात, बोलणे बऱ्यापैकी सुरू होते, पण नेहमीच्या वापराच्या २,१३६ चित्राक्षरांपैकी दोनएकशे हाताशी येतात. शाळेने आणि पालकांनी हे आधीच मान्य केले असेल तर जपानी जरूर घ्यावी. फ्रेंचच्या बरोबरीचा निकाल मात्र तिच्याकडून मागू नये.

लॅटिनचे २४० तास कुठे जातात? व्याकरणाचा सांगाडा जवळपास पूर्ण होतो. सहा विभक्ती, नामांचे पाच गण (म्हणजे रूपे चालवण्याचे पाच नमुने), क्रियापदांचे चार, तीन लिंगे, कर्मणी रूपे, धातुसाधिते. आठशे ते हजार शब्द येतात. सोपे करून लिहिलेले उतारे वाचता येतात. मूळ लेखक मात्र अजून दूर असतात, आणि याचे कारण आकड्यांत आहे. लॅटिनमधले सर्वाधिक वापराचे हजार शब्द घेतले तर सामान्य मजकुराचे सुमारे सत्तर टक्के शब्द भेटतात. न अडखळता वाचायला मात्र सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे पन्नासांत एकच नवा. इथे दहांत तीन नवे असतात. म्हणून सीझर किंवा सिसेरो शाळेत वाचायचा तर शेजारच्या पानावर शब्दार्थ छापलेली प्रत लागते आणि वेग तासिकेला आठ-दहा ओळींचा राहतो. हे अपयश नव्हे. एवढी वाटचाल करायचीच असते.

आता त्या प्रसिद्ध फायद्यांकडे येतो.

लॅटिनने तर्कबुद्धी वाढते, हा दावा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२४ मध्येच तपासला होता. अमेरिकी माध्यमिक शाळांतल्या हजारो मुलांनी वर्षभर कोणते विषय घेतले आणि वर्षाच्या शेवटी त्यांची सामान्य विचारशक्ती किती वाढली, हे त्यांनी ताडून पाहिले. कुठल्याही एका विषयाने बुद्धीला विशेष धार आल्याचे दिसले नाही. मुळात हुशार असलेली मुले जो विषय घेतात तो विषय हुशारी देतो असे भासते, हा त्यातला गाभ्याचा मुद्दा. आजही लॅटिनवाल्या मुलांचे गुण जास्त दिसतात तेव्हा हेच तपासावे: लॅटिन कोणत्या शाळांत आहे, तिथे प्रवेश कसा मिळतो, आणि ऐच्छिक विषय म्हणून ती कोण निवडते.

पुढच्या भाषा सोप्या जातात, हा दावा लुडविग हाग आणि एल्स्बेथ श्टेर्न या संशोधकांनी जर्मनीत पारखला. त्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पॅनिश नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी शाळेत लॅटिन केली होती, काहींनी फ्रेंच. स्पॅनिशमध्ये फ्रेंचवाले सरस ठरले आणि त्यांच्या व्याकरणाच्या चुकाही कमी निघाल्या. थोडा विचार केला तर हे उघड आहे. स्पॅनिशमध्ये नामांच्या विभक्ती नाहीत, तिथे शब्दयोगी अव्यये आणि उपपदे (इंग्रजीतल्या 'द' सारखी) काम करतात, फ्रेंचमध्येही तसेच. लॅटिनमध्ये उपपदच नाही. लॅटिनची सवय झालेला विद्यार्थी स्पॅनिश लिहिताना नेमकी हीच छोटी अव्यये गाळतो. स्पॅनिश हवी असेल तर सरळ स्पॅनिशच शिकवावी.

इंग्रजी शब्दसंग्रहाचे म्हणणे अर्धे खरे आहे. इंग्रजीतले निम्म्याहून अधिक शब्द थेट लॅटिनमधून किंवा फ्रेंचमार्गे आले, हे निर्विवाद. पण धातू माहीत असल्याने नवा शब्द आपोआप उलगडत नाही. 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणे, हे पाठ असलेले मूलसुद्धा ट्रान्सपोर्ट, इम्पोर्ट, पोर्टेबल यांच्याशी त्याचा सांधा स्वतःहून जोडत नाही. तो दाखवावा लागतो. आणि दाखवायचाच असेल तर इंग्रजीच्याच तासाला पंचवीस-तीस धातू आणि पंधरा उपसर्ग शिकवून ते काम वीस तासिकांत होते. त्यासाठी २४० तास खर्च करणे म्हणजे पाव किलो तांदळासाठी अख्खे शेत विकत घेणे.

वैद्यकीच्या शब्दांसाठी लॅटिन हवी, हेही नेहमी ऐकू येते. शरीराच्या अवयवांची नावे पुष्कळशी लॅटिन आहेत, पण रोग आणि उपचार यांची परिभाषा मोठ्या प्रमाणात ग्रीक आहे: कार्डिओ, नेफ्रो, हेमो, शेवटचा 'आयटिस', सगळे ग्रीक. वनस्पतिशास्त्रात नव्या जातीचे वर्णन लॅटिनमध्येच देण्याची सक्ती होती, ती २०१२ च्या सुरुवातीपासून उठली. आता इंग्रजीही चालते. नावे मात्र लॅटिन धाटणीचीच राहिली आहेत, आणि ती समजायला शब्दांची एक यादी पुरते.

मग लॅटिन कशासाठी? इथे 'मेलेली भाषा' म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. रोमन साम्राज्य संपल्यावर हजार वर्षांहून अधिक काळ युरोपचे शास्त्र, कायदा, धर्म आणि पत्रव्यवहार याच भाषेत चालला. न्यूटनने गतीचे नियम १६८७ मध्ये लॅटिनमध्ये मांडले. हंगेरीच्या राज्यकारभाराची भाषा १८४४ पर्यंत लॅटिन होती. उपलब्ध लॅटिन मजकुराचा फार मोठा भाग प्राचीन रोमनांनंतरचा आहे आणि त्यातले बरेचसे कधी भाषांतरितच झालेले नाही. ज्याला हे स्वतः वाचायचे आहे त्याला दुसरा रस्ता नाही. शिवाय सोळाव्या वर्षी एखादे मूल दोन हजार वर्षांपूर्वीचे वाक्य कुणाच्याही मध्यस्थीशिवाय वाचते, तेव्हा त्याच्या हाती जे लागते त्याला गुणपत्रिकेत रकाना नसतो. माझ्या मते लॅटिन टिकवण्यासाठी एवढे पुरेसे आहे. तिच्यावर इंग्रजी सुधारण्याचे आणि बुद्धी घासण्याचे ओझे टाकू नये.

एक फायदा मात्र फारसा बोलला जात नाही. लॅटिनच्या वर्गात सगळे शून्यापासून निघतात. घरी कुणी लॅटिन बोलत नाही, परदेशात राहून आलेले मूल पुढे जात नाही. तोंडी परीक्षा नसल्याने बोलायला बुजणारी मुले मोकळी होतात. लेखन आणि उच्चार यांचा मेळ जवळपास चोख असतो, त्यामुळे वाचनात अडचण असणाऱ्या काही मुलांना ती फ्रेंचपेक्षा झेपते. फ्रेंचमध्ये 'मी बोलतो', 'तू बोलतोस', 'तो बोलतो', 'ते बोलतात' या चारही वाक्यांतले क्रियापद कानाला 'पार्ल' असेच ऐकू येते, पण लिहिताना त्याची तीन वेगळी रूपे होतात. अशा मुलाची तिथे कोंडी होते.

प्रत्यक्ष वर्गात लॅटिन कुठे मोडते हे सांगतो. पहिली जागा म्हणजे एकाच रूपाचे अनेक अर्थ. 'पुएल्लाए' हे एकच रूप 'मुलीचा', 'मुलीला' आणि 'मुली' या तिन्हींसाठी येते. मूल कोष्टक घडाघडा म्हणते, पण वाक्यात यांपैकी कोणता अर्थ हे ठरवायची सवय त्याला लावलेली नसते. दुसरी जागा म्हणजे शब्दक्रम. 'कानेम पुएर विदेत' याचा अर्थ 'कुत्र्याला मुलगा पाहतो'. इंग्रजी चष्म्यातून वाचणारे मूल पहिला शब्द कर्ता धरते आणि 'कुत्रा मुलाला पाहतो' असे लिहून मोकळे होते. मराठी मुलाला खरे तर हे सोपे आहे, कारण 'कुत्र्याला मुलगा पाहतो' आणि 'मुलगा कुत्र्याला पाहतो' यांत 'ला' अर्थ सांभाळतो हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. पण लॅटिन इंग्रजीतून शिकवली की ही जमेची बाजू वाया जाते. लॅटिनची 'अब्लातिव' ही विभक्ती आपल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिघींचे काम करते, हे एका वाक्यात सांगितले तर इंग्रजी पुस्तकातली दोन पाने वाचतात. 'उर्बे काप्ता' ही रचना संस्कृतच्या सती सप्तमीसारखी असून मराठीत तिचा अर्थ 'शहर घेतल्यावर' असा सरळ होतो. 'मुलगा येतो असे तो म्हणतो' हे लॅटिन 'मुलाला येणे तो म्हणतो' अशा धाटणीने सांगते. ही रचना तिसऱ्या वर्षापूर्वी घेऊ नये.

तिसरी जागा सर्वात वाईट. परीक्षेला नेमलेला मूळ उतारा असला की मुले त्याचे भाषांतर पाठ करतात. लॅटिनमधला पहिला आणि शेवटचा शब्द ओळखायचा आणि पाठ केलेला परिच्छेद ओतायचा. गुण मिळतात, वाचता काहीच येत नाही. यावर उपाय म्हणजे निम्मे तरी गुण ऐंशी ते शंभर शब्दांच्या अपठित उताऱ्याला ठेवणे, आणि नेमलेल्या उताऱ्यावर 'हे रूप कोणते, ते कोणाला लागू आहे' असे प्रश्न विचारणे.

वर्षांची वाटणी साधारण अशी जमते. पहिल्या वर्षी नामांचे पहिले दोन गण, वर्तमान आणि दोन भूतकाळ, साडेतीनशे शब्द. दुसऱ्या वर्षी तिसरा गण, सर्वनामे, कर्मणी, धातुसाधिते, एकूण सातशे शब्द. तिसऱ्या वर्षी वर सांगितलेल्या दोन मोठ्या रचना, संकेतार्थाची रूपे, आणि हजाराच्या पुढे शब्द. तिसऱ्या गणात बहुतेक वर्ग घसरतात, कारण प्रथमेवरून मूळ अंग ओळखता येत नाही: 'रेक्स' चे 'रेगिस', 'इतेर' चे 'इतिनेरिस'. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक नाम षष्ठीच्या रूपासकट पाठ करवून घ्यावे. नंतर दुरुस्ती करायला दुप्पट वेळ जातो. उच्चारपद्धतीही पहिल्याच तासाला ठरवावी. प्राचीन पद्धतीत सिसेरो 'किकेरो' होतो, चर्चच्या पद्धतीत 'चिचेरो'. कोणतीही चालेल, पण एकच ठेवावी. कोष्टकातला विभक्तींचा क्रमही ब्रिटिश पुस्तकांत वेगळा, अमेरिकी आणि जर्मन पुस्तकांत वेगळा असतो. दोन पुस्तके मिसळली की मुलांच्या डोक्यात गोंधळ होतो.

आधुनिक भाषा मोडण्याच्या जागा वेगळ्या आहेत. चाळीस मिनिटांतली दहा हजेरी आणि फळ्यावर गेली, उरली तीस. चाळीस मुले एकेक करून बोलली तर प्रत्येकाला पाऊण मिनिट येते, आणि तेवढ्यावर कुणी बोलायला शिकत नाही. तासिकेत बारा मिनिटे जोडीने काम करवून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटे येतात, म्हणजे आठपट. गोंगाट होतो, तो सहन करावा लागतो. जोडीला निव्वळ 'बोला' म्हणून भागत नाही. एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याला हवी असेल अशी दोन वेगळी पत्रके द्यावीत, नाहीतर मुले मातृभाषेत गप्पा मारतात.

दुसरी चूक ध्वनींची. फ्रेंच घेतली तर पहिले सहा ते आठ आठवडे रोज पाच-सात मिनिटे अक्षरजोड्या आणि त्यांचे आवाज पक्के करावेत. ते न करता थेट संवाद पाठ करवले की मुले शब्दांचे उच्चार देवनागरीत लिहून ठेवतात, आणि मग ते वळण सुटत नाही. जर्मनमध्ये चार विभक्ती आणि वाक्यात दुसऱ्या जागी बसणारे क्रियापद, स्पॅनिशमध्ये 'असणे' यासाठी दोन क्रियापदे: हे टप्पे लवकर येतात आणि उरकून चालत नाहीत.

तिसरी चूक म्हणजे दरवर्षी पुन्हा पहिल्यापासून. नवे शिक्षक आले, नवे पुस्तक आले, की पुन्हा 'माझे नाव', पुन्हा रंग, पुन्हा प्राणी. प्राथमिकमधून माध्यमिकमध्ये जाताना तर हे हमखास घडते. प्रत्येक इयत्तेच्या शेवटी कोणते शब्द आणि कोणती वाक्ये आली पाहिजेत याची दोन पानी यादी पुढच्या शिक्षकाच्या हातात पडली पाहिजे. शब्दांचा हिशेब असा ठेवावा: तासिकेला पाच-सहा नवे शब्द आणि त्यांची उजळणी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने. चार वर्षांत दोनएक हजार शब्द समोर येतात, त्यातले बाराशे-पंधराशे टिकतात. इंग्लंडमध्ये २०२४ पासून शिकवल्या जाणाऱ्या नव्या अभ्यासक्रमात सोळाव्या वर्षीच्या फ्रेंच परीक्षेला खालच्या पातळीला १,२०० आणि वरच्या पातळीला १,७०० शब्द ठरवून दिले आहेत. आपला अंदाज तपासायला तो चांगला आहे.

लवकर सुरू केले तर भाषा आपोआप येते, हाही गैरसमज आहे. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस या संशोधिकेच्या गटाने आठव्या आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या मुलांची तुलना केली. वर्गातले तास सारखे धरले तर उशिरा सुरू करणारे पुढे होते. लहान मुलाला भाषा उचलायला भरपूर संपर्क लागतो आणि आठवड्याच्या दोन तासिका म्हणजे संपर्क नव्हे. तास थोडेच असतील तर ते वरच्या इयत्तांत एकत्र करून द्यावेत.

गृहपाठाचा प्रश्न आता दोन्ही भाषांना सारखाच सतावतो. वाक्याचे भाषांतर फोन क्षणात करून देतो. म्हणून भाषांतर वर्गातच, कागदावर, शिक्षकासमोर करवून घ्यावे. घरी द्यायचे ते शब्दांची उजळणी, ध्वनिफीत ऐकून त्यातले विशिष्ट तपशील टिपणे, आणि लॅटिनला ओळखीचा उतारा तीनदा मोठ्याने वाचणे.

शिक्षकाबद्दल तडजोड नको. आधुनिक भाषेला किमान बी२, शक्यतो सी१. मुलांच्या दोन धडे पुढे असलेल्या माणसाला हा विषय देऊ नये. लॅटिनला बोलण्याची अट नसली तरी कधी न पाहिलेला उतारा शिक्षकाला कोशाशिवाय बऱ्यापैकी वाचता आला पाहिजे. असा शिक्षक शाळेत एकच असतो, आणि तो गेला की विषय संपतो. इंग्लंडमध्ये सरकारी शाळांत लॅटिन पोचवण्याची योजना २०२१ मध्ये जाहीर झाली, चाळीस शाळा, चाळीस लाख पौंड. २०२५ च्या फेब्रुवारीत, शालेय वर्ष अर्ध्यावर असताना, तिचा निधी थांबला. वर्गातली मुले परीक्षेच्या वाटेवर होती. म्हणून पहिली तुकडी घेण्यापूर्वीच ती शेवटच्या परीक्षेपर्यंत नेण्याची लेखी हमी व्यवस्थापनाकडून घ्यावी, आणि पर्यायी शिक्षकाचे नाव आधी ठरवावे.

एवढे सगळे पाहूनही आठवड्याला दोनच तासिका निघत असतील, तर लॅटिन सुरूच करू नये. दोन तासिकांत विभक्ती एका आठवड्यात शिकून पुढच्या आठवड्यात विसरल्या जातात. त्या दोन तासिका आधीच चालू असलेल्या आधुनिक भाषेला जोडाव्यात: तिच्या तीनच्या पाच झाल्या तर वर्षाला साधारण १०० तास मिळतात, चार वर्षांत ४००, आणि तिथे बी१ खरोखर आवाक्यात येते. ज्या पाच-सात मुलांना लॅटिनची ओढ आहे त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा पाऊण तासाचा वाचनगट ठेवावा. परीक्षा नको, कोष्टकांची भिंत नको, फक्त सोप्या उताऱ्यांची क्रमवार पुस्तके आणि वाचून दाखवणारा एक जाणकार.